पाच रुपयांचा पुडा




मागच्या नाताळात आपण खडवलीच्या केंद्राकडे पाठवलेल्या भेटींत बिस्किटांची अडतीस खोकी होती. ती मीच उतरवून घेतली, मीच मोजली आणि भातसा नदीच्या दोन्ही अंगांच्या वाड्यांवर व वीटभट्ट्यांवर मीच वाटली. त्याचे फोटो आपण याच पत्रिकेत पाहिले असतील. त्या फोटोंबद्दल आज लिहायचे आहे, आणि ते लिहायला मला उशीरच झाला आहे.

फेब्रुवारीत एका भट्टीवर लहान मुलांची तपासणी करत होते. कातकरी कुटुंब. आई विटा पाडत होती, पावणेदोन वर्षांची मुलगी झोपडीच्या सावलीत बसलेली. दंडपट्टी लावली तर घेर भरला ११.२ सेंटिमीटर. ज्यांना हे आकडे माहीत नसतील त्यांच्यासाठी सांगते, सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंड साडेअकराच्या खाली गेला की ते मूल तीव्र कुपोषित धरतात. पट्टीवर तो भाग तांबडा असतो. मुलीच्या मुठीत बिस्किटाचा पुडा होता. मी आईला म्हटले, "बाय, हिला नुसते हेच देतेस काय?" ती हात न थांबवता म्हणाली, "तुमीच दिला व्हता ना, सिस्टर. तवापासून तोच मागते. पाच रुपयांत गप ऱ्हाते."

त्या भट्टीवरचा दिवस पहाटे तीनला सुरू होतो. चूल दिवसातून एकदा, फार तर दोनदा पेटते. भात, सुकट, मिरची. पावसाळ्यात घेतलेली उचल विटांनी फेडायची असते, म्हणून हात थांबवता येत नाही. आठवड्याला मिळते ती खर्ची, आणि ती नाक्यावरच्या दुकानात जाते. त्या दुकानात अंडी संपलेली असतात, केळी कधी असतात कधी नसतात, भाजी म्हणजे कांदे-बटाटे. पाच रुपयांचे पुडे मात्र दोरीला माळेसारखे लटकलेले, बारा महिने तेरा काळ.

आपल्यातील अनेकजण प्रेमाने मला लिहितात की या लोकांना आहाराचे ज्ञान द्या. मी एकोणीस वर्षे हे काम करते आहे आणि आता माझे मत असे झाले आहे की ज्ञान हा त्यातला सर्वांत छोटा भाग आहे. त्या मुलीच्या आजीला मी पावसाळ्यात रानात गेलेली पाहिली आहे. शेवळे कुठे उगवतात, त्यांची खाज काकडांनी कशी मारायची, टाकळा किती कोवळा असताना खुडायचा, कुर्डू, भारंगी, लोत, कंटोली, कडूकंद कितीदा उकळायचा, हे सगळे तिला तोंडपाठ आहे. पण शेवळाच्या जुड्या ती पहाटेच्या लोकलने कल्याणला नेऊन विकते आणि त्या पैशांतून तेल-मीठ-चहा आणते. जुडी खाणे तिला परवडत नाही. मग ताटात काय पडते हे ठरवतो कोण? या प्रश्नाच्या मागे मी गेले काही महिने लागले आहे, आणि जे सापडले ते आपल्यापुढे ठेवते.

सुरुवात जुन्या गोष्टीपासून करावी लागेल, कारण ती आपल्याच जिल्ह्यातली आहे.

मोहाचे झाड ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींसाठी धान्याच्या कणगीसारखे होते. उन्हाळ्यात, घरातले धान्य संपत आलेले असताना, फुले पडतात. ती वेचून, वाळवून, शिजवून खायची; बियांचे तेल काढायचे. वाळलेल्या फुलात साखर भरपूर असते, म्हणून ती टिकतात आणि पोटाला आधार होतात. त्याच फुलांची दारूही होते, आणि इंग्रज सरकारचा डोळा त्या दारूच्या महसुलावर होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरी दारू गाळणे गुन्हा ठरले. दारू ठेकेदाराच्या भट्टीतून यावी, तिच्यावर कर बसावा, आणि लोकांनी ती दुकानातून विकत घ्यावी, अशी व्यवस्था झाली. पण झाडे होतीच आणि फुले पडतच होती. तेव्हा १८९२ मध्ये सरकारने थेट फुलांवरच कायदा केला. मोहाची फुले गोळा करण्यावर आणि विकण्यावर बंधने आली, आणि ती खास ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी. परवानाधारक भट्ट्यांत दारू मोहाचीच होत होती, तिला अडचण नव्हती. अडचण झाली ती ज्याच्या घरात चैत्र-वैशाखात दुसरे काही नव्हते त्याला.

आपण ख्रिस्ती लोक दारूच्या विरोधात बोलतो आणि ते योग्यच आहे; या वाड्यांवर दारूने केलेली हानी मी रोज पाहते. पण हा कायदा दारू थांबवायला झाला नव्हता. दारू कोणाकडून विकत घ्यायची हे ठरवायला झाला होता, आणि त्यात एक अन्न गेले. फुलांवरची बंधने महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये उठवली. म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गेला. तेवढ्या अवधीत फुले शिजवायची रीत बहुतेक घरांतून नाहीशी झाली. मी विचारले तर दोन म्हाताऱ्या बायांनाच ती नीट सांगता आली.

नाचणीचेही जवळजवळ तसेच. नाचणी आणि वरी ही डोंगरउताराची पिके, वरकस जमिनीची, दळीची. त्याच १८७८ साली जंगलाचा कायदाही आला आणि उताराच्या जमिनी हळूहळू जंगलखात्याकडे गेल्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्या परत मागता येतात, पण दावा मंजूर होणे वेगळे आणि त्यावर पुन्हा नाचणी पेरणे वेगळे. पेरणारे हात भट्टीवर असतात. रविवारी आपण प्रार्थनेत रोजची भाकर मागतो. इथली भाकर नाचणीची होती. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. दात येणाऱ्या लेकराला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला हा फरक केवढा, हे मी सांगायला नको.

नाचणीच्या जागी तांदूळ कसा आला? रेशनने. मला रेशनविरुद्ध बोलायचे नाही. रेशन नसते तर या वाड्यांवर लोक उपाशी मेले असते, हे आधी स्पष्ट सांगते. पण रेशनवर काय मिळते हेही राजकारणाने ठरते. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले, गहू आणि तांदूळ यांची हमीभावाने सरकारी खरेदी वाढत गेली, आणि ज्या धान्याची खरेदी होते तेच देशभर वाटले जाऊ लागले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद होती. तांदूळ तीन रुपये, गहू दोन, भरडधान्य एक. १ जानेवारी २०२३ पासून तर सगळेच फुकट. कायद्याने माणशी पाच किलो, अंत्योदय कार्ड असेल तर कुटुंबाला पस्तीस किलो. पण आमच्या वाड्यांवर रेशनच्या पोत्यातून नाचणी आलेली मी एकदाही पाहिलेली नाही. आपल्याच सरकारच्या पुढाकाराने २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. त्या वर्षी नाचणीला नवे नाव मिळाले, श्री अन्न, आणि कल्याणच्या मॉलमध्ये नाचणीची बिस्किटे सुंदर डब्यांत आली. वाडीवर तांदूळच आला.

२०२५-२६ च्या हंगामासाठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये होता आणि साध्या भाताचा २,३६९. कागदावर नाचणी दुपटीची. तरीही शेतकरी भातच लावतो, कारण ज्या मालाचे गिऱ्हाईक ठरलेले आहे तो माल तो पिकवणार. हमीभाव भिंतीवर लावलेल्या पाटीसारखा असतो. काट्यावर माल घेणारा कोणी बसला तरच त्याचा उपयोग.

तांदळाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट. रेशनच्या तांदळात थोडे वेगळे दिसणारे दाणे असतात, शंभराला एक या प्रमाणात. बाया ते "प्लास्टिकचे" म्हणून निवडून कोंबड्यांना टाकतात. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून काढलेले ते दाणे आहेत. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून घोषणा केली आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत सगळ्या सरकारी योजनांतला तांदूळ असा झाला. मी बायांना सांगते, टाकू नका, शिजवा. पण मनात हेही येते की आधी ताटातली विविधता जाते, मग तिची उणीव भरून काढायला एक दाणा कारखान्यात तयार होतो, आणि सारा देश एकाच वेळी त्याचा गिऱ्हाईक होतो. ज्या बाईच्या अंगात लोह कमी आहे, तिने त्याबद्दल काही मागितले होते का, हे कोणी विचारले नाही. तिला दाणा आला, समजावणारे माणूस आले नाही.

आता आपल्या स्वतःच्या घरातली गोष्ट, म्हणजे मिशनची. आपल्या मंडळीतील साठी-सत्तरी ओलांडलेल्यांना मिशन शाळेतले अमेरिकन दूध आठवत असेल. पिंपातली भुकटी, कोमट पाण्यात कालवलेली, वास वेगळाच. ते दूध केवळ दयेतून आलेले नव्हते. १९५४ साली अमेरिकेने पी.एल. ४८० नावाचा कायदा केला. तिथल्या शेतकऱ्यांचा माल उरत होता, भाव पडत होते, गोदामे भरली होती. तो माल परदेशी काढायचा होता, गरजू देशांना मदत करायची होती आणि मैत्रीही जोडायची होती. भारतात गव्हाची जहाजे आली. त्याच कायद्याखाली धर्मादाय संस्थांमार्फत दुधाची भुकटी आणि गव्हाच्या भरडीची पोतीही आली, आणि ती वाटणाऱ्यांत देशोदेशीच्या चर्चच्या संस्था होत्या. १९७२ च्या दुष्काळातला मिलो तर साऱ्या महाराष्ट्राला आठवतो, तांबडी ज्वारी, भाकरी थापली की तुटायची. त्या धान्याने जीव वाचले. तरी वाटणारे हात आपले असले तरी काय वाटायचे हे दूरच्या गोदामाने ठरवले होते, हे विसरता येत नाही. बिस्किटांची अडतीस खोकी मोजताना मला हे सुचायला हवे होते.

बिस्किटांची कथा याहून ताजी आहे आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

शाळेत जेवण देण्याची केंद्राची योजना १९९५ साली सुरू झाली, पण बऱ्याच राज्यांत, आपल्याकडेही, तिचा अर्थ होता महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ. २००१ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने अन्नाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात दावा केला. गोदामे धान्याने फुटत होती आणि लोक भुकेले होते. त्या वर्षी २८ नोव्हेंबरला न्यायालयाने आदेश दिला की सरकारी प्राथमिक शाळांतील मुलांना शिजवलेले जेवण द्या. शिजवलेले, हा शब्द महत्त्वाचा. चूल पेटली, गावातल्या बायांना काम मिळाले, वेगवेगळ्या जातींची मुले एका पंगतीत बसू लागली.

मग २००७ च्या अखेरीस बिस्किट उत्पादकांच्या संघटनेने खासदारांना पत्रे पाठवली. शिजवलेल्या अन्नात किडे पडतात, स्वच्छता नसते, शिक्षकांचा वेळ जातो. त्यापेक्षा बंद पुड्यातली पौष्टिक बिस्किटे द्यावीत, असा त्यांचा सूर होता. कितीतरी खासदारांनी ती मागणी आपल्या सहीने मंत्र्यांकडे पुढे पाठवली. आपण विचार करा, देशातल्या कोट्यवधी शाळकरी मुलांचे दुपारचे जेवण म्हणजे केवढी बाजारपेठ. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेज आणि रीतिका खेरा यांनी २००८ मध्ये हे प्रकरण वर्तमानपत्रात उघड लिहिले, पोषणतज्ज्ञांचे मत विचारले गेले, आणि तो प्रस्ताव बारगळला. आज खडवलीच्या शाळेत मुलाला खिचडी मिळते ती अशा लढाईतून वाचलेली आहे.

अंगणवाडीच्या आहाराबाबत मात्र लढाई लांबली. तीन वर्षांच्या आतील मुलांना घरी नेण्यासाठी जे पाकीट मिळते, ते बनवण्याचे काम ठेकेदारांना देऊ नका, गावपातळीवरच्या महिला गटांना द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा आदेश होता. महाराष्ट्रात कागदोपत्री महिला मंडळे पुढे आली. न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांच्या कार्यालयाने २०१२ मध्ये चौकशी करून सांगितले की त्यांतल्या मोठ्या मंडळांच्या पाठीमागे खाजगी कंपन्याच आहेत. पुढे पुन्हा मोठ्या निविदा निघाल्या, लहान बचतगट न्यायालयात गेले, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने हजारो कोटींची ती कंत्राटे रद्द केली. यात मधल्या मधे पाकिटातल्या पिठाची चव कशी होती, ते मुले खात होती की म्हशी, हे मात्र कोणाच्याच दाव्याचा विषय नव्हते. वाडीवर मी म्हशीही पाहिल्या आहेत.

आणि अंडे. अंड्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण यंदा आपल्याकडून मला तेच मागायचे आहे.

एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रथिने असतात, त्यात भेसळ करता येत नाही, पाणी घालता येत नाही, अर्धे चोरता येत नाही. आमच्या कातकरी, ठाकूर, वारली घरांत अंडे कोणालाही वर्ज्य नाही. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने अमृत आहार योजना आणली. आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे गरम जेवण, आणि पुढच्या वर्षी अंगणवाडीतल्या मुलांना आठवड्यात चार दिवस अंडे किंवा केळी. चांगली योजना. पण ती अनुसूचित क्षेत्रासाठी आहे, आणि ती रेघ १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने आखलेली. शहापूर तालुका त्या रेघेच्या आत आहे, कल्याण तालुका बाहेर. खडवली स्टेशन कल्याण तालुक्यात येते, कसाऱ्याच्या दिशेने पुढचे स्टेशन वासिंद, ते शहापूर तालुक्यात. लोकलने सात-आठ मिनिटांचे अंतर. त्याच जातीचे, त्याच नदीचे पाणी पिणारे लेकरू एका स्टेशनावर अंड्याला पात्र आणि आधीच्या स्टेशनावर अपात्र. माझ्या पाहण्यातल्या खडवलीच्या वाड्यांवर हे अंडे आलेले नाही. शिवाय ज्यांचे नाव रेघेच्या आतल्या अंगणवाडीत आहे ती कुटुंबे दिवाळीनंतर भट्टीसाठी रेघेच्या बाहेर येतात. उपासमारीचे सहा महिने तिकडे, अंडे इकडे.

शाळेतल्या अंड्याचे आणखी वेगळेच झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू केले, न खाणाऱ्यांना केळे. काही धार्मिक गटांनी त्याला विरोध केला. जानेवारी २०२५ मध्ये नवा निर्णय निघाला. अंड्यासाठी आणि गोड पदार्थांतल्या साखरेसाठी सरकारी पैसा मिळणार नाही, शाळांनी हवे तर लोकसहभागातून ते द्यावे. शहरातल्या शाळेला लोकसहभाग मिळेल. वाडीवरच्या शाळेचे पालक विटा पाडत असतात. इथे मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. ज्याला अंडे नको त्याने खाऊ नये, हे समजते. पण ज्याच्या मुलाचा दंड साडेअकराच्या खाली आहे त्याच्या ताटातले अंडे, ज्याच्या घरी दूध-तूप आहे त्याच्या भावनेवरून निघावे, हे मला समजत नाही.

तेलाबद्दल फार लिहीत नाही. पूर्वी इथे खुरासणी पिकायची आणि तिचे तेल निघायचे. आज दुकानात पाच-दहा रुपयांना पिशवीत बांधून मिळते ते पामतेल. परदेशी पामतेलाची आयात १९९४ मध्ये खुली झाली आणि आज जगात सर्वाधिक पामतेल आपला देश आयात करतो. दिवाळी २०२२ मध्ये राज्य सरकारने शंभर रुपयांत "आनंदाचा शिधा" दिला तेव्हा त्यातही होते रवा, साखर, चणाडाळ आणि एक लिटर पामतेल. पिशवीवर नेत्यांचे फोटो. पुढच्या वर्षी त्यात मैदाही आला. सणाला साखर-तेल मिळाले म्हणून लोक खूश होते, आणि मीही त्यांच्या आनंदावर विरजण घालणार नाही. फक्त असे पाहा की गुळ, शेंगदाणे, नाचणी यांचाही शिधा होऊ शकला असता.

राहिला तो पाच रुपयांचा पुडा. त्यात काय असते? मैदा, साखर, पामतेल. साध्या ग्लुकोज बिस्किटात वजनाचा साधारण पाव भाग साखर असते. कंपन्या किंमत पाचच ठेवतात आणि महागाई वाढली की आतला माल काही ग्रॅमने कमी करतात. आईला पाचाचे नाणे कळते, ग्रॅम कळत नाहीत. पाठीमागे बारीक इंग्रजीत सगळे छापलेले असते. चिली देशाने २०१६ पासून असा नियम केला आहे की साखर, मीठ किंवा स्निग्धांश जास्त असेल तर पुड्याच्या तोंडावर काळा अष्टकोनी शिक्का मारायचा. निरक्षर माणसालाही तो दिसतो. आपल्याकडे २०२२ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शिक्क्याऐवजी तारे देण्याचा मसुदा काढला, हॉटेलाला देतात तसे. बिस्किटालाही एखाददुसरा तारा मिळेल अशी ती सोय! वाद अजून न्यायालयात आणि समित्यांत फिरतो आहे. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्याच आर्थिक पाहणी अहवालाने अशा कारखानी खाण्यावर जास्त कर लावण्याचा विचार मांडला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. शहरातल्या घरखर्चाला तो दिलासा आहे. भट्टीवरच्या दुकानात त्याचा अर्थ एवढाच की त्याच पाच रुपयांत पुडा जरा जड होईल, आणि अंडे होते तेवढ्यालाच राहील.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. तिला पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस ठेवायला हवे होते. आई म्हणाली, चौदा दिवसांच्या विटा कोण पाडणार, मुकादम उचल वाढवील. तिचे खोटे नव्हते. तेव्हा आमच्या बालवाडीच्या ताईंनी आणि मी भट्टीवरच दुसरी चूल घातली. सकाळी तेल घातलेली मऊ खिचडी, दुपारी अंडे किंवा केळे, आणि आठवड्याला दंडपट्टी. पहिले आठ दिवस मुलगी खिचडी थुंकत होती, पुडाच मागत होती. त्या दिवसांत मला आपल्या खोक्यांची फार आठवण झाली. अक्षय तृतीयेपर्यंत घेर ११.९ झाला. भट्टी बंद होऊन कुटुंब वाडीवर परतले.

नाचणीचाही प्रयत्न आम्ही केला, आणि तो फसला. मी कल्याणहून नाचणीचे पीठ आणून लाडू वाटले. बाया हसल्या. दुकानातले पीठ जुनाट लागते म्हणाल्या, आणि त्यांचे बरोबर होते. मग एका आजीने गाडग्यात राखून ठेवलेले बी काढले आणि जूनमध्ये तीन घरांनी थोड्या उतारावर रोपे लावली. पाऊस लांबला, रानडुकरे आली, जे उरले ते आता कापणीला आले आहे. फार नाही. तीन घरांची मुले काही महिने आंबील पितील इतके.

आता नाताळ जवळ आला आहे, आणि आपण नेहमीप्रमाणे विचाराल की काय पाठवू. कृपा करून बिस्किटे, नूडल्स, सरबताची पाकिटे पाठवू नका. आलीच तर ती मी वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे कोणाचे मन दुखायला नको. शेंगदाणे, गूळ, मूगडाळ, मटकी, शेंगदाण्याचे तेल चालेल. अंड्यांसाठी रोख रक्कम हवी, कारण ती इथल्याच वाडीतल्या कोंबड्या पाळणाऱ्या बायांकडून आठवड्याच्या आठवड्याला घ्यायची आहेत. ट्रे भरून मुंबईहून आणायची नाहीत. भट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मेपर्यंत चालतो. सध्या आमच्या यादीत पाच वर्षांखालची ६३ मुले आहेत, आठवड्याला चार अंडी धरली आहेत. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या भागाच्या लोकप्रतिनिधीला शाळेतल्या अंड्याबद्दल एक पत्रही लिहावे. मायन्यात राग नको, फक्त विचारावे की पैसा का थांबवला.

ती मुलगी परवा पुन्हा भट्टीवर आली आहे. दंड १२.१, पट्टीवर अजून पिवळ्या भागात. मला पाहून तिने हात पुढे केला. माझ्या पिशवीत उकडलेले अंडे होते. तिने ते हातात घेऊन फिरवून पाहिले, आईकडे पाहिले, आणि पांढरे खाऊन पिवळे भावाला दिले. जानेवारीत सर्व मुलांची पुन्हा तपासणी आहे. आकडे जसे येतील तसे पुढच्या अंकात छापू.